तुळसाच्या आवाजाचा राघू

खूप खूप वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं आणि साल कोणतं होतं हे मला विचारू नका. एक राणी होती, तिच्या राज्याच्या अगदी टोकाला डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, आणि त्या गावात घरोघरी राघू होते, एवढं मात्र पक्कं.

तुम्ही म्हणाल, राघू काय, कुठंही असतात. थांबा जरा! त्या गावच्या राघूंची तऱ्हाच निराळी होती.

तिथं कुणी आजारी पडलं आणि वैद्याने मान हलवली, की घरचे लोक आधी एक काम करत. एक तरणा राघू आणून त्याचा पिंजरा आजाऱ्याच्या उशाशी टांगत. आजारी माणूस बोले, कण्हे, हाका मारी आणि राघू सगळं ऐकत राही. माणूस गेला की त्याचा आवाज राघूपाशी उरे. मग त्या पिंजऱ्याला घरातली सगळ्यात आतली खोली मिळायची. खिडकीवर काळी घोंगडी, दाराला जाडजूड पडदा. राघूने दुसरा आवाज ऐकला तर पहिला विसरेल, ही लोकांना धास्ती. म्हणून त्याला ऊन नाही, झाडाची फांदी नाही, दुसऱ्या पाखराची शीळ नाही. त्याच्याशी कुणी बोलायचंसुद्धा नाही. पडद्याशी बसायचं आणि ऐकायचं.

बरं, एवढ्यावरही भागलं नाही. भलतासलता आवाज आत जाऊ नये म्हणून जिवंत माणसंही दबकून बोलू लागली. दळताना ओव्या बंद झाल्या. लग्नातली वाजंत्री बंद झाली. पोरं खिदळली की आया त्यांच्या तोंडावर हात ठेवत. कुणी मेलं तरी मोठ्याने रडायची चोरी, कारण राघू रडणं लवकर उचलतो म्हणे. परका माणूस त्या गावात शिरला की त्याच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. रस्त्याने माणसं खालमानेनं, मुकाट चाललेली, आणि बंद घरांच्या आतून मेलेली माणसं हाका मारताहेत. कुठं खोकणारा म्हातारा, कुठं सुनेवर डाफरणारी सासू, तर कुठं नुसतंच रडणारं तान्हं बाळ.

ह्या गावात एक कासारीण राहत होती. आता बघा, जिथं बांगडी किणकिणली तरी शेजारीण डोळे वटारते, तिथं कासारणीचा धंदा काय चालणार! ती बायकांच्या हातात बांगड्या भरायची आणि वर चिंधी गुंडाळून द्यायची. तिचा नवरा, म्हणजे कासार, भट्टीपाशी मान खाली घालून काम करायचा. दिवसातून चार शब्द बोलला तर खूप.

त्यांना एकच लेक होती, तुळसा. काय बडबडी पोर होती ती! त्या गावात जन्माला यायलाच नको होती. आणि अशी ही पोर एकदा तापाने अंथरुणाला खिळली. ताप उतरेना. वैद्याने मान हलवली. कासाराने राघू आणून उशाशी टांगला, आणि पोर गेली.

ती गेल्यावर काही दिवसांनी आतल्या खोलीतून हाक आली, "आई, भूक लागली गं!"

कासारणीच्या हातातली परात खाली पडायची ती तिने कशीबशी सावरली. धावत जाऊन पडद्याशी बसली. आतून पुन्हा, "आई, माझी वेणी घाल ना. आई, कुठं गेलीस?" तोच लाडिक हेल, तोच शब्दाच्या शेवटाला ओढलेला सूर. कासारणीने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि आवाज न करता रडली. तेव्हापासून ती रोज तिथं बसायची. दिवसाचं तेवढंच तिचं सुख होतं.

पण पुढे काय झालं, राघूची वाक्यं एकेक करून गळू लागली. आधी वेणी गेली. मग भूक गेली. शेवटी एकच वाक्य उरलं. सकाळी तेच, दुपारी तेच, तिन्हीसांजेला तेच.

"आई, मला उन्हात ने."

हे बोलणंही तुळसाचंच होतं बरं का. शेवटच्या दिवसांत पोरीने हाच धोशा लावला होता. वारं लागेल म्हणून कासारणीने तिला बाहेर नेलं नव्हतं. "बरी हो, मग नेते हं," असं म्हणत राहिली, आणि पोर बरी झालीच नाही. आता आतून ते वाक्य आलं की कासारणीच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. तिला वाटे, माझी लेक तिकडे हाल सोसतेय, आणि माझ्यावर रागावलीय.

असं फक्त तिच्याच घरी होत नव्हतं. पाटलाचा मेलेला बाप पूर्वी पडद्यामागून पीकपाण्याची विचारपूस करायचा. आता तो एकच म्हणे, "दम कोंडतोय." सोनाराची आजी "नको, नको, नको" म्हणत राही. माळ्याच्या घरी कुणीतरी दिवसभर "पाणी" म्हणून कण्हत असे, आणि आत जाऊन पाहावं तर वाटी पाण्याने भरलेली.

गाव हादरलं. पाटलाने सगळ्यांना चावडीवर जमवलं आणि कुजबुजत्या आवाजात सांगितलं, "पडदे पातळ झालेत. उजेड आत शिरतोय, म्हणून आपल्या माणसांना तिकडे त्रास होतोय." लोकांनी खिडक्यांवर आणखी एकेक घोंगडी चढवली. राघू जास्तच कण्हू लागले. तेव्हा पाटलाने राघूंना मानाची अंगडी शिवायला सांगितली, मखमलीची, गळ्यापासून शेपटीपर्यंत झाकणारी. ती एवढी लांब का शिवायची, हे कुणी विचारलं नाही. ज्याच्या त्याच्या घरी काय दिसत होतं ते ज्याला त्याला ठाऊक होतं.

तरीही कण्हणं थांबेना. शेवटी राणीकडे निरोप गेला, की आमचे पितर कोपलेत, चांगला मांत्रिक पाठवा.

राणीने निरोप ऐकला, जरा विचार केला, आणि मांत्रिकाऐवजी राघूपारखी पाठवला! राज्यात पाळलेल्या पाखरांचं बरं चाललंय की वाईट हे पाहत फिरणं हे त्याचं काम. माणूस ढेरपोट्या, बोलका, चार पावलं चालला की घामाने निथळणारा.

पाटलाने त्याला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "आम्ही मांत्रिक मागितला होता."

"मांत्रिकाचं पोट बिघडलंय," पारखी म्हणाला. "तोवर मी बघून घेतो. राघू कुठं आहेत?"

"बघायचंय काय त्यात? सुखात आहेत. मखमल घातलीय त्यांना."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

पाटील ओशाळला, पण दार काही उघडेना. गावात कुणीच उघडेना. प्रत्येक दारापाशी पारखी उभा राही, आतलं कण्हणं ऐकी आणि पुढे जाई. त्याचा चेहरा उतरत चालला. दुपारी तो कासारणीच्या घरापाशी आला.

कासारीण उंबऱ्यातच आडवी उभी राहिली. "बुवा, आत जाऊ नका. माझी लेक आहे तिथं."

तेवढ्यात आतून आलंच, "आई, मला उन्हात ने."

पारखी मटकन ओट्यावर बसला. त्याच्या ओठांवर घामाचे थेंब जमले. "बाई, मी खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटतेय. माझ्याही घरी दोन मुली आहेत. पण तुम्ही पुढं चला, मी मागून येतो."

एवढा मोठा राणीचा माणूस, आणि भीती वाटते म्हणून सांगतोय! कासारणीला काय वाटलं कोण जाणे, ती बाजूला झाली आणि तिने पणती लावली.

आतल्या खोलीत कुबट वास होता. पणतीच्या उजेडात पिंजरा दिसला. मखमली अंगड्यातला राघू दांडीवर एक पाऊल डावीकडे टाकी, एक उजवीकडे, मग मान फिरवून एका तारेला चावे. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा तीच तार. ती तार तेवढ्याच जागी झिजून चकचकीत झाली होती. पारख्याने त्याच्यापुढे ताजी हिरवी मिरची धरली. राघूने तिच्याकडे पाहिलं नाही. माणसाकडेही पाहिलं नाही.

"अंगडं काढा," पारखी हळूच म्हणाला.

"मानाचं आहे ते."

"कुणी घातलं?"

"मीच."

"का घातलं, बाई?"

कासारीण पिंजऱ्याकडे वळली. रोज सकाळी पिंजऱ्याखालची हिरवी पिसं ती सुपात गोळा करायची आणि नवऱ्याने पाहायच्या आत चुलीत टाकायची. जळक्या पिसांचा वास तिच्या हातांना लागलेला होता. तिने अंगड्याचे बंद सोडले.

आत राघू नव्हताच म्हणा ना. डोकं तेवढं हिरवं. मानेखाली सगळं उघडं गुलाबी कातडं, त्यावर रक्ताचे ठिपके, आणि छातीचं हाड विळ्याच्या धारेसारखं वर आलेलं. आपली पिसं त्याने आपल्याच चोचीने उपटली होती. त्या नागव्या जिवाने चोच उघडली आणि तुळसाच्या गोड, लाडिक आवाजात म्हटलं, "आई, मला उन्हात ने."

कासारणीने डोळे मिटून घेतले. "ऐकलंत? माझी लेक तिकडे तळमळतेय. मी तिला नेलं नाही, म्हणून ती मला रोज..."

"बाई, तुमची लेक कुठं आहे ते मला कळत नाही. ते मला शिकवलेलं नाही," पारखी म्हणाला. "पण हा इथं आहे. ह्याला तुम्ही बोलायला एकच आवाज दिलात. मग ह्याला दुखलं तर ह्यानं कुठल्या आवाजात ओरडावं? शब्द तुळसाचे असतील. दुखणं ह्याचं आहे."

"पूर्वी हसायचा, वेणी घाल म्हणायचा..."

"तेव्हा बरा होता."

राघू पुन्हा तारेला चावू लागला. मग पारखी म्हणाला, "काळोखात ठेवलात तर आवाज राहील, पण राघू अमावस्या काढायचा नाही. उन्हात नेलात, दुसरी पाखरं ऐकू दिलीत, तर बहुतेक जगेल. पण मग तो त्यांच्यासारखा बोलेल. तुळसा जाईल. दोन्ही मिळायचं नाही, बाई."

"घेऊन जा ना मग! राणीचा हुकूम आहे की तुमच्यापाशी!" कासारीण एकदम फणकारली. त्या घरात एवढ्या मोठ्याने कुणी कित्येक दिवसांत बोललं नव्हतं.

"नेऊ शकतो. पण मी नेला तर जन्मभर म्हणाल, माझी लेक एका जाड्या माणसाने पळवली. तुम्ही ठरवा. मी धर्मशाळेत उतरलोय." असं म्हणून तो घाम पुसत बाहेर पडला.

कासारीण पडद्याशी बसून राहिली. ऊन कलल्यावर कासार भट्टीवरून आला. तिने त्याला सगळं सांगितलं. वाटलं, हा नेहमीसारखा हुं करील आणि हातपाय धुवायला जाईल. पण तो तिच्यासमोर खाली बसला.

"मी त्या खोलीत कधी जात नाही, तुझ्या ध्यानात आलंय का?" त्याने विचारलं.

"आलंय. मला वाटायचं, तुम्हाला तिची माया नाही."

"अगं, मला ते ऐकवत नाही. आपली पोर किती हसायची, किती नाचायची. त्या खोलीत ती नुसती आजारी आहे. रोज आजारी आहे. आपण रोज तिला मरताना ऐकतो, आणि वर म्हणतो की ती घरात आहे."

असं म्हणून तो माणूस ओक्साबोक्शी रडला, पण तोंडावर हात दाबून. कासारीण उठली आणि आत गेली.

तिने एक गोष्ट केली, जी त्या गावात कुणीच केली नव्हती. ती राघूशी बोलली.

"राघू," ती म्हणाली. आजवर तिने मनातल्या मनातही त्याला तुळसाच म्हटलं होतं. "ए राघू."

दांडीवरची पावलं थांबली. राघूने मान वाकडी केली आणि एक गोल डोळा तिच्यावर रोखला. तो तिला पाहत होता. इतके दिवस ती ज्याच्यापुढे बसत होती त्याने आज पहिल्यांदाच तिला पाहिलं, आणि तिला दरदरून घाम फुटला.

"तुला उन्हात जायचंय का रे?"

तिला वाटलं, आता पिंजऱ्यातून ते वाक्य येणार. ते आलं नाही. राघू दांडीवरून उतरला, पिंजऱ्याच्या दारापाशी गेला आणि तिथं उभा राहिला.

सकाळी ऊन पडल्यावर कासारणीने पिंजरा उचलला आणि रस्त्यावर आणला. घराघरांची दारं बोटभर उघडली. फटींतून डोळे दिसले. वेशीपाशी चिंचेचं झाड होतं, तिथं तिने पिंजरा टेकवला. राघूने पंख ताणले, म्हणजे पंखांचे जे खुंट उरले होते ते ताणले, आणि डोळे मिटून अंगावर ऊन घेतलं. मग तो ओरडला. माणसाचा शब्द नव्हता तो. कर्कश, कानठळ्या बसवणारी राघूची आरोळी.

आणि सगळ्या गावाने तिला उत्तर दिलं.

काळोखाच्या प्रत्येक खोलीतून मेलेली माणसं एकदम ओरडू लागली. "दम कोंडतोय! नको, नको! पाणी! सोडा रे!" तान्ही बाळं टाहो फोडू लागली, म्हातारे खोकू लागले. भिंती हादरल्या. बायकामाणसं रस्त्यावर येऊन आडवी पडली, कुणी हात जोडले, कुणी कानात बोटं घातली. चिंचेखालचा राघू पुन्हा ओरडला. मग त्या गलक्यातला एक आवाज फुटला आणि त्यातून तसलीच आरोळी आली. मग दुसरा फुटला. मग तिसरा. बघता बघता मेलेली माणसं गप्प झाली, आणि आत कोंडलेले राघू राघूंसारखे ओरडू लागले.

पाटील धावत आला. "बाई, आत ने त्याला! आमचे बाप बाटवलेस तू!"

"पाटील, तुमच्या घरात ओरडतोय तो बाप नव्हे, राघू आहे," कासारीण म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "एकदा अंगडं काढून बघा. मी बघितलंय."

त्या दिवशी काही घरांतली अंगडी निघाली, काही घरांतली नाही निघाली. पारखी घरोघर गेला. कुठं पेरू दे, कुठं कडुलिंबाची काटकी कुरतडायला दे, आंघोळीला पसरट भांडं ठेव, दोन पिंजरे शेजारी टांग, असं सांगत फिरला आणि निघून गेला.

पाटलाने मात्र दाराला आतून कडी घातली. त्याचा राघू अमावस्येच्या आधीच मेला, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पण आतल्या खोलीतून आवाज येतच होता, "दम कोंडतोय. दम कोंडतोय." एके दिवशी सुनेला राहवलं नाही. तिने पणती घेऊन पडदा सारला. पिंजऱ्याच्या तळाशी मखमली अंगडं आणि दोन सुकलेले पंजे होते. पिंजऱ्याखाली, भिंतीला टेकून, पाटील स्वतः बसला होता. डोळे मिटलेले, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि तोंडातून मेलेल्या बापाचा हुबेहूब आवाज. त्याला धरून उजेडात आणलं, हाका मारल्या, नातू मांडीवर ठेवला. पण त्याला त्याचा स्वतःचा आवाज पुन्हा कधी सापडला नाही. उरलेलं आयुष्य तो त्याच दोन शब्दांत बोलला.

आणि कासारीण? तिच्या राघूला हळूहळू कोवळी पिसं फुटली. तो मिरची हिसकावून खाऊ लागला, रागावला की चावू लागला. दिवसभर चिंचेवर इतर राघूंबरोबर कलकलाट करी. तुळसाचं वाक्य आधी अर्धं झालं, मग नुसतं "आई" उरलं. कासारीण झाडाखाली बसून तेवढ्यासाठी वाट पाहायची. एका सकाळी तिने वाट पाहिली, दुपारभर पाहिली, ऊन उतरेपर्यंत पाहिली. राघू ओरडत होता, शीळ घालत होता, पण ते काही आलं नाही. पुन्हा कधीच आलं नाही.

तेव्हा कासारणीला कळलं, की आपली तुळसा गेली. आज गेली. तिने पदर तोंडाशी नेला, आणि मग खाली टाकला. रस्त्याच्या मधोमध बसून तिने "तुळसा गं, माझी बाय गं!" असा हंबरडा फोडला, की डोंगरापर्यंत ऐकू गेला. कासार भट्टी सोडून आला आणि तिच्याशेजारी बसून मोठ्याने रडला. सोनारीण आली, माळीण आली. जिचं जे माणूस जितक्या वर्षांपूर्वी गेलं होतं, तिने त्याचं नाव घेऊन गळा काढला. तिन्हीसांजेपर्यंत सगळं गाव रडत होतं. रडून झाल्यावर माळणीने चूल पेटवली, सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी केली, आणि जेवताना कासार तुळसाची एक खोडी सांगायला लागला, तेव्हा कासारीण रडता रडता हसली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: ज्या जिवाला आपण जपतो म्हणतो, त्याच्याकडे आधी डोळे उघडून बघावं, कारण आपलं दुःख सांभाळायला दुसऱ्याला कोंडून ठेवणं ही माया नव्हे.